मतांनी बाद करण्याचा खेळ : ऑनलाइन 'सर्व्हायव्हर' खेळताना आणि पाहताना

ऑनलाइन 'सर्व्हायव्हर' हा माणसांनी माणसांना मतदानाने बाद करण्याचा खेळ आहे. सोळा-अठरा जण एकत्र येतात, ठरावीक दिवसांनी गुप्त मतदान करून आपल्यातल्याच एकाला बाहेर काढतात आणि शेवटी उरलेल्या दोघा-तिघांपैकी विजेता कोण, हे आधी बाद झालेले खेळाडू ठरवतात. यात पाने नाहीत, फासे नाहीत, सोंगट्याही नाहीत. बोलणे आणि मत एवढ्या दोनच गोष्टी खेळाडूच्या हातात असतात. ज्यांना बाहेर काढायचे, त्यांच्याच मतांवर पुढे जिंकायचे, हा या खेळाचा खरा पेच. बाकीचे सगळे डावपेच त्यातूनच निघतात.

खेळाचे मूळ टीव्हीवरचे आहे. ब्रिटिश निर्माते चार्ली पार्सन्स यांच्या कल्पनेवर १९९७ साली स्वीडनमध्ये 'एक्स्पेडिशन रॉबिन्सन' हा कार्यक्रम सुरू झाला. अमेरिकेत तो 'सर्व्हायव्हर' या नावाने २०००च्या मे महिन्यात आला. मलेशियातल्या पुलाउ टिगा बेटावर १६ स्पर्धक, ३९ दिवस आणि विजेत्याला दहा लाख डॉलर, असे पहिल्या पर्वाचे स्वरूप होते. बेटावर तग धरून राहण्याची ही स्पर्धा आहे, अशीच बहुतेक प्रेक्षकांची आणि बऱ्याच स्पर्धकांचीही समजूत होती. स्पर्धकांच्या दोन टोळ्या एकत्र झाल्या आणि दहा जण उरले, तेव्हाच्या पहिल्याच मतदानाने ती समजूत मोडली. रिचर्ड हॅच, सू हॉक, रुडी बोश आणि केली विगल्सवर्थ या चौघांनी आधीच ठरवून एकाच नावावर मते टाकली. उरलेल्या सहा जणांनी आपापल्या मर्जीप्रमाणे मते दिली आणि ती विखुरली. दहांतल्या चार मतांनी ग्रेचेन कॉर्डी ही सगळ्यांना आवडणारी, कामसू खेळाडू बाहेर गेली. त्या वेळी अनेक प्रेक्षकांना ही संगनमताची रीत अप्रामाणिक वाटली. पण आघाडी करू नये असा नियम कुठेच नव्हता, आणि त्यानंतर आघाडीशिवाय हा खेळ कोणी गंभीरपणे खेळलेला नाही.

कार्यक्रम गाजला तसे त्याचे चाहते इंटरनेटवर स्वतःचे खेळ भरवू लागले. चाहत्यांच्या बोलीत त्यांना 'ओआरजी', म्हणजे ऑनलाइन रिॲलिटी गेम म्हणतात. सुरुवातीला ते ईमेल आणि संदेशफलकांवर चालत, पुढे स्काइपवर, आणि २०१५मध्ये आलेल्या डिस्कॉर्डने त्यांना सोयीचे घर मिळाले. खेळ चालवणाऱ्याला होस्ट म्हणतात. होस्ट अर्ज मागवतो, खेळाडू निवडतो आणि त्यांच्या दोन-तीन टोळ्या पाडतो. टीव्हीवरच्या शर्यती आणि दोरखंडांच्या जागी कोडी, प्रश्नमंजूषा, जुळवाजुळवीचे आणि वेगाचे छोटे ऑनलाइन खेळ येतात. हरलेली टोळी ट्रायबल कौन्सिलला जाते, म्हणजे होस्टच्या प्रश्नांना उत्तरे देते आणि त्याला गुप्तपणे मत पाठवते. निम्म्याच्या आसपास खेळाडू उरले की टोळ्या विलीन होतात. त्यानंतर इम्युनिटी, म्हणजे त्या फेरीपुरते अभय, एकेकट्याला मिळते आणि बाद होणारा प्रत्येक जण विजेता ठरवणाऱ्या ज्युरीत बसतो. बक्षीस बहुधा काहीच नसते. तरीही लोक यात महिना-महिना जीव ओततात, यावरूनच खेळाची पकड कळते.

मराठी वाचकाच्या ओळखीचा नमुना 'बिग बॉस'चा. हिंदीत तो २००६पासून आणि मराठीत २०१८पासून चालू आहे. मात्र दोन्हींच्या रचनेत मोठा फरक आहे. 'बिग बॉस'मध्ये घरातली माणसे नामांकन करतात, पण घराबाहेर कोण जाणार आणि शेवटी कोण जिंकणार हे मुख्यतः प्रेक्षकांच्या मतांवर ठरते. त्यामुळे तिथला शहाणा स्पर्धक एक डोळा कॅमेऱ्यावर ठेवतो. भांडण रंगवले, भावनिक क्षण दिला, तर बाहेरची मते मिळतात. 'सर्व्हायव्हर'मध्ये बाहेरच्यांना मतच नाही. आवाज चढवणारा तिथे पुढच्या मतदानाचे सोपे लक्ष्य ठरतो. 'बिग बॉस' पाहून या खेळात आलेले नवे खेळाडू पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बाहेर जातात, त्याचे एक कारण हेच.

'माफिया', 'वेअरवुल्फ', 'अमंग अस' आणि 'द ट्रेटर्स' हे खेळ याच घराण्यातले, पण दुसऱ्या शाखेचे आहेत. 'माफिया' १९८६ साली मॉस्कोत दिमित्री डेव्हिडॉफ यांनी रचला. त्यात छुपे गुन्हेगार एकमेकांना ओळखतात, बाकीचे कोणालाच ओळखत नाहीत. म्हणजे माहिती असलेले थोडे विरुद्ध माहिती नसलेले पुष्कळ, असा तो सामना असतो. 'सर्व्हायव्हर'मध्ये अशी भूमिका कोणालाही वाटून दिलेली नसते. कोण कोणाच्या बाजूचा, हे खेळाडू स्वतःच घडवतात आणि स्वतःच मोडतात. म्हणूनच हा खेळ अधिक खोल आहे आणि मनाला अधिक लागतो.

ऑनलाइन रूपात खेळ बदलतो तो पहिल्यांदा संभाषणाच्या संख्येने. बेटावर दोघे बाजूला गेले की बाकीच्यांना दिसते. चॅटमध्ये कोण कोणाशी बोलते आहे, ते कोणालाच दिसत नाही. नऊ जणांच्या टोळीत दोघादोघांच्या ३६ जोड्या होतात. अठरा जण एकत्र असतील तर १५३. शिवाय तिघांचे, चौघांचे, पाच जणांचे वेगळे गट. यात टिकायचे तर पहिल्या दोन दिवसांत प्रत्येकाशी निदान एकदा तरी मोकळेपणाने बोलणे झाले पाहिजे, आणि ते खेळाविषयी नसले तर उत्तमच. नोकरी, परीक्षा, पाऊस, आवडती मालिका, काहीही चालते. पहिल्या मतदानात बाहेर जाणारा बहुधा वाईट खेळलेला नसतो. कोणाशीच ओळख न झाल्यामुळे त्याचे नाव घेणे सगळ्यांना सोपे गेलेले असते.

दुसरा बदल वेळेचा. बरेच खेळ अमेरिकी वेळेवर चालतात. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्री नऊला मतदान संपत असेल तर भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मतदानाआधीच्या दोन-तीन तासांत सगळे बेत पक्के होतात आणि उलटतातही. पुण्या-मुंबईतला खेळाडू त्या वेळी झोपला असेल तर त्याच्यावाचून निर्णय होतो, आणि पुष्कळदा त्याच्याविरुद्धच होतो. पहाटेचा गजर लावण्याची तयारी नसेल तर निदान झोपण्यापूर्वी दोन विश्वासू माणसांकडून 'बेत बदलला तर कोणाला मत टाकायचे' हे ठरवून घ्यावे, आणि होस्टकडे मत आधीच नोंदवून ठेवावे.

तिसरा बदल लिखिताचा. बोललेले विरून जाते, लिहिलेले राहते. स्क्रीनशॉट दुसऱ्याला दाखवण्यावर बहुतेक खेळांत बंदी असते. तरी 'तो असे म्हणाला' हे शब्दशः सांगायला कोणी अडवू शकत नाही, आणि स्वतःच्या चॅटमधले जुने वाक्य शोधायला कोणालाही काही क्षण पुरतात. दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगणारा म्हणूनच ऑनलाइन खेळात लवकर सापडतो. अनुभवी खेळाडू खोटे क्वचित बोलतात. ते अर्धे सांगतात, किंवा समोरच्याला बोलू देतात. नवखा मतदानाच्या दिवशी लिहितो, "आज मीराला काढूया, बाकी सगळे तयार आहेत." मीराला हे कळले की नाव घेणारा कोण ते तिला पुराव्यानिशी माहीत होते, आणि 'सगळे' म्हणजे कोण हे ती एकेकाला विचारत सुटते. मुरलेला खेळाडू लिहितो, "आज दोन-तीन नावे कानावर येत आहेत. तुला कोणाची जास्त काळजी वाटते?" मग समोरचाच मीराचे नाव घेतो. त्यानंतर फक्त होकार द्यायचा राहतो.

आघाडीचे गणित वरवर सोपे आहे. नऊ जणांत पाच मते हातात असली की बहुमत. पण २००५च्या 'ग्वाटेमाला' पर्वापासून या खेळात छुपा इम्युनिटी आयडॉल आला आणि साधे बहुमत अपुरे पडू लागले. आजच्या नेहमीच्या नियमाप्रमाणे मतदान झाल्यावर आणि मते वाचण्याआधी आयडॉल वापरता येतो. वापरणाऱ्याविरुद्धची सगळी मते बाद होतात. ऑनलाइन खेळात तो बहुधा चौकटींच्या नकाशात किंवा होस्टच्या कोड्यांत दडवलेला असतो. यावरचा उपाय म्हणजे मते वाटणे. समजा, नऊ जणांत सहा जणांची आघाडी आहे आणि विरोधात तिघे : क, ख आणि ग. सहा जण तीन मते क-ला आणि तीन ख-ला देतात. विरोधी तिघे आघाडीतल्या एकाला, म्हणजे य-ला मते देतात. क-ने आयडॉल वापरला तर ख आणि य यांना तीन-तीन मते राहतात. बरोबरी झाल्यावर फेरमतदान होते, त्यात बरोबरीत अडकलेले मत देत नाहीत. आता आघाडीची पाच मते आणि विरोधकांची दोन. ख बाहेर जातो, य वाचतो.

याच बेतात त्याची कच्ची बाजूही दडलेली आहे. आघाडी पाच जणांचीच असती तर मते तीन-दोन वाटली जातात, आणि चार विरोधकांची एकगठ्ठा चार मते आयडॉलशिवायही जड भरतात. सहांची आघाडी असतानाही एक जण फुटला तर क-ला तीन, ख-ला दोन आणि य-ला चार मते पडतात आणि य जातो. म्हणजे मते वाटायची तर विरोधकांच्या दुप्पट माणसे हवीत आणि त्यातला एकही फुटता कामा नये. फुटण्याची शक्यता सर्वात जास्त कोणाची? आघाडीत जो सहावा आहे, म्हणजे पाच जण ज्याच्याशी कमी बोलतात, त्याची. आघाडीच्या प्रमुखाने सगळ्यात जास्त वेळ त्या सहाव्या माणसाला द्यायला हवा. प्रत्यक्षात तो नेहमी पहिल्या-दुसऱ्यालाच मिळतो, आणि मोठमोठ्या आघाड्या तिथेच फुटतात.

चांगली खेळी आणि वाईट खेळी यांतला फरक कळण्यासाठी टीव्हीवरच्या दोन प्रसंगांचा अभ्यास पुरेसा आहे. २०००मध्ये शेवटचे तिघे उरले : हॅच, रुडी आणि केली. एका खांबावरच्या मूर्तीला हात लावून कोण जास्त वेळ उभा राहतो, यावर शेवटचे अभय ठरणार होते. हॅचने मध्येच हात काढून घेतला. त्यामागचा हिशेब असा : तो स्वतः जिंकला असता तर लोकप्रिय रुडीला अंतिम फेरीत नेऊन हरावे लागले असते, किंवा रुडीला दिलेला शब्द मोडून त्याला काढावे लागले असते आणि रुडीचे मत गेले असते. त्याने तो निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात टाकला. केली जिंकली, तिने रुडीला काढले, आणि अंतिम मतदानात रुडीचे मत हॅचला पडले. निकाल लागला चार विरुद्ध तीन. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर विजेता बदलला असता.

दुसरा प्रसंग २००८च्या 'मायक्रोनेशिया' पर्वातला. पाच जण उरले होते : चार स्त्रिया आणि एरिक राइशेनबाख. अभय एरिकने जिंकले होते. आधीच्या काही वागण्यामुळे त्याच्यावरचा विश्वास उडाला होता, आणि तो परत मिळवायचा तर अभयाची माळ त्या चौघींतल्या नॅटलीला दे, असे त्याला पटवण्यात आले. त्याने माळ दिली आणि त्याच रात्री तो बाहेर गेला. ही खेळी आजही मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. पण खरी कामगिरी त्या चौघींची होती. एरिकची भीती बाद होण्याची नव्हती. लोक आपल्याला वाईट समजतील ही होती, आणि ती त्यांनी नेमकी ओळखली होती. माणसाला काय हवे आहे यापेक्षा त्याला काय सलते आहे हे ओळखणे या खेळात जास्त उपयोगी पडते.

ज्युरीसमोर मात्र डावपेचांची यादी वाचून काम होत नाही. रसेल हँट्झने २००९च्या 'सामोआ' पर्वात कोणताही सुगावा नसताना आयडॉल शोधून काढले, खेळावर पकड ठेवली आणि अंतिम मतदानात नॅटली व्हाइटकडून सात विरुद्ध दोन असा हरला. पुढच्याच, २०१०च्या 'हीरोज विरुद्ध व्हिलन्स' पर्वात तो पुन्हा शेवटपर्यंत पोहोचला आणि त्याला एकही मत मिळाले नाही. जिंकली सँड्रा डियाझ-ट्वाइन, २००३नंतर दुसऱ्यांदा. आपले नाव निघत नसेल तर दुसऱ्या कोणाचेही चालेल, अशी तिची साधी रीत होती. रसेलवर अन्याय झाला असे मानणारे चाहते आजही आहेत. त्यांचे म्हणणे पटत नाही. बाद झालेल्यांची मते मिळवणे हा खेळाचाच अर्धा भाग आहे आणि तो रसेलला कधी आला नाही. ऑनलाइन खेळात तर बाद झालेल्याशी पुन्हा बोलण्याची संधी थेट अंतिम फेरीत मिळते. म्हणून ज्याला काढायचे त्याच्याशी शेवटच्या दिवशी कसे वागले, हेच त्याच्या लक्षात राहते. त्याला गाफील ठेवणे, चाहते ज्याला 'ब्लाइंडसाइड' म्हणतात, ते क्षम्य ठरते. त्याच्या संदेशांना उत्तरच न देणे क्षम्य ठरत नाही. आणि अंतिम फेरीत 'तुला मीच काढले, कारण तू जिंकला असतास' हे सरळ कबूल करणाऱ्याला मत देणे, 'माझा नाइलाज होता' म्हणणाऱ्याला मत देण्यापेक्षा सोपे जाते.

होस्टच्या जबाबदारीविषयीही थोडे सांगायला हवे. बरोबरी झाल्यास काय, मत न पाठवल्यास काय, वेळ संपल्यावर आलेल्या मताचे काय, हे खेळ सुरू होण्यापूर्वी लिहून दिलेले असावे. एकाच माणसाने दोन खाती घेऊन खेळणे, आधीपासून मैत्री असलेल्यांनी खेळाआधीच संधान बांधणे, यांवर नजर हवी. आणि अभयाची साधने आवरती ठेवावीत. २०१७च्या 'गेम चेंजर्स' पर्वात शेवटच्या सहांपैकी बाकी सगळ्यांना या ना त्या मार्गाने अभय मिळाले आणि सिरी फील्ड्स ही उत्तम खेळाडू तिच्याविरुद्ध एकही मत न पडता बाद झाली. ज्या खेळात मत हाच आधार, तिथे मताशिवाय कोणी जाऊ नये.

पाहणाऱ्याची कला वेगळी आहे. टीव्हीवरचा भाग कित्येक तासांच्या चित्रणातून थोड्याशा वेळात बसवलेला असतो, आणि संकलन होते तेव्हा विजेता कोण ते संकलकांना माहीत असते. म्हणून कोणाला किती वेळ दाखवले, कोणाच्या तोंडून बेत समजावून दिला, यावरून निकाल ओळखण्याचे एक स्वतंत्र शास्त्रच चाहत्यांनी बनवले आहे; त्याला ते 'एडजिक' म्हणतात. ऑनलाइन खेळात उलट अडचण असते. तिथे संकलन नसतेच. प्रेक्षकांसाठीच्या वेगळ्या कक्षातून टोळ्यांची चर्चा आणि प्रत्येक खेळाडूचे 'कन्फेशनल', म्हणजे होस्टपाशी मोकळे केलेले मन, वाचायला मिळते. दिवसाला शेकडो संदेश येतात. सगळे वाचू पाहणारा प्रेक्षक आठवड्यात थकतो. दोन-तीन खेळाडू निवडून त्यांचाच माग ठेवावा, आणि त्यात एक तरी शांत खेळाडू असावा. बडबड्यांचे डाव सगळ्यांना दिसतात. मते बहुधा शांत माणसाच्या खिशात जाऊन पडतात.

चांगल्या प्रेक्षकाला एका मोहापासून सतत सावध राहावे लागते. त्याला सगळ्या टोळ्यांचे सगळे बेत माहीत असतात, खेळाडूला मात्र स्वतःच्या सात-आठ संभाषणांपलीकडे काही दिसत नाही. 'ग-कडे आयडॉल आहे हे त्याला कसे कळले नाही' हा प्रश्न प्रेक्षकाच्या खुर्चीतून सोपा वाटतो. मतदानाचा निकाल येण्याआधी एक सवय लावून घ्यावी : निवडलेल्या खेळाडूला त्या क्षणी काय माहीत आहे, कोणी काय सांगितले आहे आणि त्याच्या जागी कोणते नाव लिहिले असते, हे वहीत टिपून ठेवावे. मग निकाल पाहावा. चार-पाच मतदाने असे केले की कळते, किती तरी फसलेले निर्णय त्या वेळच्या माहितीवर योग्यच होते आणि किती तरी यशस्वी डाव निव्वळ दैवाने तरले. खेळाडूची परीक्षा निकालावरून करायची नाही, हे शिकायला दुसरा चांगला मार्ग नाही.

प्रेक्षकाचे नियम थोडे आणि कडक आहेत. आत वाचलेली एकही गोष्ट खेळाडूपर्यंत जाता कामा नये. अगदी 'आज जरा सांभाळून' एवढा इशाराही महिनाभराचा खेळ नासवतो. बाद झालेल्याची टिंगल त्याच्या खाजगी संदेशांत जाऊन करू नये. खेळाडूंत शाळकरी वयाची मुलेही असतात, आणि ओळखीच्या दहा माणसांनी एकाच रात्री आपले नाव लिहिणे हा अनुभव मोठ्यांनाही हलका जात नाही. खेळाडूनेही जात, धर्म, रूप, घरचे दुःख, आजार या गोष्टी मतांच्या राजकारणात ओढू नयेत. मत खेळातल्या माणसाविरुद्ध असते, आणि खेळ संपल्यावर ते तिथेच सोडून द्यायचे असते.

ज्यांना हा खेळ खेळून पाहायचा आहे त्यांनी अर्ज भरण्याआधी एक पूर्ण खेळ प्रेक्षक म्हणून पहिल्या मतदानापासून ज्युरीच्या शेवटच्या प्रश्नापर्यंत पाहावा. मग होस्टला तीन गोष्टी विचाराव्यात : मतदान भारतीय वेळेनुसार किती वाजता संपते, खेळ साधारण किती दिवस चालेल आणि एखाद्या फेरीला हजर राहता आले नाही तर नियम काय. रोज दोन तास देणे जमणार नसेल तर त्या वेळी अर्ज करू नये. एक गैरहजर खेळाडू उरलेल्या सगळ्यांचे गणित बिघडवतो.